खालच्या सुरातली शिट्टी

"मुकी गाडी कित्याक चलवची गो? दी कोणाक तरी," असं म्हणून बाबा चहावरून उठले आणि हात धुवायला गेले. मी आईकडे बघितलं. आईने खांदे उडवले.

गाडी म्हणजे बाबांचं वाफेचं इंजिन. त्याला खेळणं म्हणालात तर आपलं भांडण होईल! टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, धरून ते स्कूटरपेक्षा लांब आहे. भट्टीत खराखुरा कोळसा, बॉयलरमध्ये खरीखुरी वाफ, आणि मागच्या ट्रॉलीवर दोन मोठी माणसं बसवून ओढायची धमक. शिरगावच्या बाजूला एका खाणीच्या वर्कशॉपात बाबा फिटर होते. खाण बंद पडली, रिकामे हात खायला उठले, तेव्हा त्यांनी हे इंजिन बांधायला घेतलं. सर्वणला आमच्या घराभोवती पोफळींमधून रूळ टाकले. मी आज तुयेच्या कारखान्यात लेथवर उभी राहते, ते खूळ त्यांच्याकडूनच आलेलं.

बाबांचे कान मात्र वर्कशॉपातल्या ठोकाठोकीने गेले. आधी बारीक आवाज गेले. मोबाईल ऐकू येईना, दाराची घंटा ऐकू येईना, आणि मग इंजिनाची शिट्टीही येईना. ती होती करंगळीएवढी, आवाज चिमणीसारखा. कानात यंत्र घातलं की वाफेची फुसफुस डोक्यात किंचाळते, म्हणून इंजिनाजवळ ते यंत्र खिशात जायचं. शिट्टी गेली तसा बाबांचा जीवच गाडीवरून उडाला. इंजिन ताडपत्रीखाली गेलं आणि बाबा टीव्हीसमोर बसून बातम्यांच्या खालच्या पट्ट्या वाचू लागले. मला याचा इतका राग यायचा! माणूस सत्तरीला टेकला म्हणून काय झालं, हात अजून पक्कडीसारखे आहेत.

"देते," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "पण चालू करून देते!"

रविवारी ताडपत्री ओढून काढली. आत पालींचा संसार. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, पाण्याची पातळी दाखवणारी काच तडकलेली, नळ्यांत विहिरीच्या पाण्याचा लाल गाळ. मी मुद्दाम नट उलटा फिरवत बसले. अपेक्षेप्रमाणे बाबा तरातरा आले, पाना माझ्या हातातून हिसकावला आणि जेवायच्या वेळेपर्यंत सोडला नाही. आई पडवीतून हसत होती.

मग काय, आमचे रविवार पेटले. रिंगा मी कारखान्यात साहेबांना सांगून सुट्टीनंतर लेथवर केल्या. बॉयलरमध्ये आधी नुसतं पाणी भरून दुप्पट दाब दिला, एक थेंब कुठे गळला नाही. हाताने मारायचा पंप काढला आणि इंजेक्टर बसवला. त्यात वाफच पाणी ओढून बॉयलरमध्ये ढकलते, माणसाला दम लागत नाही. बाबा बोटांच्या टोकांनी सगळं तपासायचे, मान हलवायचे. पण चालवायचं नाव काढलं की पुन्हा तेच, मुकी गाडी.

एका सकाळी मी अंगणात रिंगा घासत होते. बाबा पाठमोरे बसलेले. लांब वळणावर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा रबरी भोंगा वाजला, पों पों, आणि बाबा उठून पिशवी घेऊन चालायला लागले! आई म्हणाली, "तुमका पोदेर बरो आयकाक येता. माजां तेवढां येना!"

मी जागच्या जागी उडी मारली. अहो, कान मेलेलेच नव्हते! बारीक सूर गेला होता, जाड सूर शिल्लक होता. मग शिट्टीच जाड सुराची करायची. जितकी नळी लांब तितका सूर खाली, इतकं मला ठाऊक होतं.

कारखान्यात पितळी नळी कापली, तोंड घासलं, आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर लावली. काय सांगू! थेट पोदेराचा भोंगा. आख्खं डिपार्टमेंट बाहेर आलं, कोणीतरी पाव मागितले. मी नाचत घरी आले, नळी इंजिनाला बसवली, करवंट्यांवर कोळसा पेटवला आणि दाब चढल्यावर शिट्टीचा खटका ओढला.

कीईई! आईने कान झाकले, शेजारचं कुत्रं पळालं. बाबा माझ्याकडे बघत उभे होते. "वाजयली?" त्यांनी विचारलं.

मला रडू आलं. रागाने, आणि नुसत्या रागाने नाही.

जेवताना डोक्यात प्रकाश पडला. हवा वेगळी, वाफ वेगळी! तापलेल्या वाफेत आवाज जास्त वेगाने धावतो, म्हणून सूर वर चढतो. हवेवर जमवलेली नळी वाफेला अपुरीच पडणार. साधी गोष्ट, पण मी उतावळी. नवी नळी चांगली हातभर लांब घेतली आणि टेंडरच्या पोटाखाली आडवी लपवली. टोकाला सरकता दट्ट्या बसवला, म्हणजे सूर हवा तसा वरखाली करता येईल. साचणारं पाणी गळायला खाली भोक पाडलं.

पुढच्या रविवारी बाबांना सांगितलं, इंजेक्टर चालत्या गाडीवर तपासायचा आहे. तपासायचं म्हटल्यावर ते नाही म्हणणार नव्हते. आई साडी सावरत ट्रॉलीवर बाबांच्या मागे बसली. बाबांनी वाफेचा रेग्युलेटर उघडला, गाडी हलली, नव्या रिंगांनी अशी काही ओढ घेतली की आईने बाबांचा शर्ट धरला. मी बाजूने धावत होते. वळणावर मी खुणेने म्हटलं, खटका ओढा. त्यांनी "कित्याक?" असा चेहरा केला आणि माझं मन राखायला जरासा ओढला.

पोफळींमधून एक घोगरा, भरलेला आवाज गेला. बाबांची पाठ ताठ झाली. त्यांनी पुन्हा ओढला. लांब. मग आणखी लांब. "बाय, आयकाक आयलां गो माका!" ते ओरडले, आणि मीही ओरडले, काय ते आठवत नाही.

त्यानंतर त्यांनी खटका सोडलाच नाही. शिट्टी वाफ पिते, आणि आमचा बॉयलर तो केवढासा! दाबाचा काटा धपाधप उतरला, चाकं मंदावली, गाडी पोफळींच्या मधोमध थांबली. आई मागून म्हणाली, "अवो, गाडी कित्याक रावली?" मी हसत कारण सांगायला लागले.

बाबांचा एक हात अजून खटक्यावर होता. शिट्टी विरत विरत नुसत्या श्वासाएवढी उरली होती, मला तर ती जेमतेम कळत होती. त्यांनी दुसरा हात आमच्या दिशेने वर केला.

"गप रावा! अजून आयकाक येता."