बारावी खुर्ची

लोक थुंकतात हे मला माहीत होतं. पण थुंकायला बोलावणं धाडतात, त्यासाठी जाड कागदाची निमंत्रणं छापतात आणि कडक इस्त्रीचे कोट घालून येतात, हे मी साठाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. तेही माझ्या सख्ख्या भावामुळे.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दारूच्या एका जुन्या, नावाजलेल्या दुकानाच्या तळघरात त्याने अडतीस वर्षं काढली. वर गिऱ्हाईक, काचेची कपाटं आणि झगमगाट. खाली दादा, लाकडी मांडण्या आणि ओल. कुठली बाटली कुठे आडवी पडली आहे, किती वर्षं पडली आहे, हे त्याला दिवा न लावता सांगता यायचं. घरी त्याने कधी थेंब आणला नाही, पण त्याच्या अंगाला कायम बुचाचा आणि कुबट लाकडाचा वास. वहिनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नाक मुरडायला लागली ती अजून मुरडतेच आहे. वरून कुणीतरी ओरडायचं, "ए, ती कोपऱ्यातली आण रे!" आणि दादा जिना चढून बाटली द्यायचा, पुन्हा उतरायचा. त्या जिन्याने त्याचे गुडघे खाल्ले.

त्या तळघरात त्याला पोर्टचं वेड लागलं. पोर्ट म्हणजे गोड, दाट, चटकन चढणारी लाल वाइन. एखाद्या चांगल्या सालची निवडून बाटलीत भरतात आणि वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षं पडू देतात. तिला व्हिंटेज म्हणायचं. एवढ्या वर्षांत तळाशी चिखलासारखा गाळ बसतो. म्हणून बाटली दोन दिवस आधी उभी करायची, बूच तुकडे न होता काढायचं, बाटलीच्या मानेखाली विजेरी धरून मलमलीच्या फडक्यातून थेंबाथेंबाने काचेच्या सुरईत गाळायची. उभ्या केलेल्या बाटलीजवळ मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही, असं दादा सांगायचा. हे शेवटचं त्याने वरून ओरडणाऱ्यांसाठी मनाने घातलं असावं.

आमच्या शहरात या पोर्टच्या शौकिनांचं एक मंडळ आहे. बारा सभासद, बारा खुर्च्या. अध्यक्ष दातांचे एक निवृत्त डॉक्टर. दादा त्यांना 'डॉक्टरसाहेब' म्हणतो, मी मनातल्या मनात 'कवळी' म्हणते. वीस वर्षं दादा या मंडळाच्या बाटल्या फुकट गाळून देत आला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांची खोली आहे, तिला लागून छोटं स्वयंपाकघर. दादाने स्वयंपाकघरात गाळायचं, बाहेर येऊन पेले भरायचे, भिंतीशी उभं राहायचं आणि शेवटी बादल्या रिकाम्या करायच्या. गिळत गेलं तर चौथ्या पेल्याला जीभ आणि अक्कल दोन्ही बधिर होतात, म्हणून ही मंडळी घोट तोंडात घोळवून थुंकतात. दर दोन माणसांमध्ये एक छोटी बादली. शिकलेली, पिकलेली माणसं चूळ भरल्यासारखी पिचकाऱ्या मारतात आणि माझा भाऊ त्या बादल्या उचलतो, हे ऐकूनच मला किळस यायची.

गेल्या वर्षी एक सभासद वारले आणि बारावी खुर्ची रिकामी झाली. दादाने दोन दिवस दुःख केलं आणि तिसऱ्या दिवशी कोट शिवायला टाकला. कवळीने त्याला शब्द दिला होता, "या वर्षीचं ब्लाइंड टेस्टिंग तू बसव. सगळं चोख झालं तर खुर्ची तुझी." सहासष्ट वर्षांच्या माणसाला हा माणूस अरेतुरे करतो. दादाला त्याचंही कौतुक, म्हणे आपलेपणाने बोलतात.

ब्लाइंड टेस्टिंग म्हणजे डोळ्यांना पट्टी बांधत असतील असं मला वाटलं होतं. तसं नसतं. बाटलीचं नाव लपवतात, सुरईला नुसता नंबर देतात आणि चवीवरून क्रम लावतात. कुठल्या नंबरखाली काय आहे हे पेले भरणाऱ्यालाही कळता कामा नये, नाहीतर चेहऱ्यावरून फुटतं. म्हणून दादा माझ्याकडे आला.

"तुझ्याशिवाय कोण आहे गं मला? तू म्हणजे आमची काटेकोरबाई," तो म्हणाला.

हे मात्र खरं होतं. मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषध विभागात बाटल्या भरल्या आणि त्यांच्यावर लेबलं लावली. या काळात माझ्या हातून एकही लेबल चुकलं नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही; तिथे चुकलं की माणूस जातो. माझ्याजवळ दागिने नाहीत, मुलंबाळं नाहीत, मिरवायला एवढी एकच गोष्ट आहे. दारूच्या नादी लागलेल्यांची मला शिसारी असूनही दादासाठी मी हो म्हटलं. कधी नव्हे ते त्याला वरच्या मजल्यावर बसायचं होतं.

रविवारी सकाळी आठलाच आम्ही त्या स्वयंपाकघरात होतो. सहा प्रकारच्या पोर्ट होत्या. पाच जुन्या, सभासदांनी आणलेल्या. सहावी अगदी साधी, वाणसामानाच्या दुकानात मिळते तसली, तुलनेसाठी. बाकीच्यांनी एकेक बाटली दिली, कवळीने मात्र स्वतःच्या वडिलांच्या साठ्यातल्या एकसारख्या दोन बाटल्या मोठ्या ऐटीत पाठवल्या होत्या. दादाने त्या दोन्ही गाळून एकाच मोठ्या जगमध्ये ओतल्या, हलक्या हाताने ढवळल्या आणि मग दोन सुरयांत सारख्या वाटल्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"फास," तो हसला. "मंडळाचा जुना नियम आहे. एकच वाइन दोन नंबरांखाली ठेवायची. खऱ्या जाणकाराला दोन्ही सारख्या लागल्या पाहिजेत. वीस वर्षांत कुणी हा फास लावलाच नाही."

"मग तूच कशाला उगाच शहाणपणा करतोस?"

"अगं, डॉक्टरसाहेबांची जीभ आहे ती! स्वतःच्या बापाची बाटली ओळखणार नाहीत? सगळ्यांसमोर ओळखतील तेव्हा किती खूश होतील बघ."

त्याच्या डोक्यात खुशामत आणि भक्ती यांचा असा काला झाला होता की पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता. गाळून झाल्यावर त्याने मलमलीचं ते काळंजांभळं, चिकट फडकं मुठीत धरून कपात पिळलं आणि तो गढूळ घोट डोळे मिटून प्यायला. मी तोंड फिरवलं. सभासद नसलेल्याने पेल्याला तोंड लावायचं नाही असा नियम होता, म्हणून वीस वर्षं हा हेच पीत आला होता. "यातसुद्धा कळतं गं सगळं," तो ओठ पुसत म्हणाला.

मग त्याने प्रत्येक सुरईच्या गळ्यात नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. मी दाराला कडी लावली. एका वेळी एकच सुरई पुढ्यात घेतली, नाव वाचलं, कागदावर लिहिलं, नंबर चिकटवला, मग दोरा कापून चिठ्ठी त्याच सुरईखाली ठेवली. दोन सुरया एका वेळी हाताशी घ्यायच्या नाहीत, ही माझी एकतीस वर्षांची पद्धत. सात सुरया झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पडताळलं, चिठ्ठ्या फाडल्या, कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि वरून सही केली.

अकराला मंडळी जमली. आमच्या नमस्काराला त्यातल्या दोघांनी मान हलवली, बाकीच्यांचं लक्ष पेल्यांकडे. मला भिंतीशी एक स्टूल मिळालं. त्यानंतर दीड तास मी जे पाहिलं ते शत्रूलाही दाखवू नये. पेल्यात नाक खुपसायचं, हुंगायचं, घोट घेऊन गालांत खुळखुळवायचा, ओठांचा चंबू करून आत हवा ओढायची आणि मग पिच्च. कुणाच्या हनुवटीवर ओघळ, कुणाच्या शर्टावर शिंतोडे. वर बोलणं काय, तर "जुन्या चामड्याचा वास येतोय", "पावसात भिजलेली दोरी", "आजोबांचं कपाट". आणि बोलण्याआधी प्रत्येकाचा डोळा कवळीच्या तोंडाकडे. त्याच्या भुवया चढल्या की यांच्याही चढायच्या.

दोन नंबर तोंडात घेतला आणि कवळीने तोंड वेडंवाकडं केलं. "छे छे! ही कुणाची? ही पोर्ट आहे की खोकल्याचं औषध?"

अकरा पेन्सिलींनी दोन नंबरवर काट मारली. मला खोकल्याच्या औषधासाठी वाईट वाटलं. त्याने निदान खोकला तरी थांबतो.

पाच नंबर त्याला आवडली. सहा नंबरला मात्र तो डोळे मिटून बसला. मग पेला छातीशी धरून म्हणाला, "ही माझ्या वडिलांची. झोपेत दिली तरी ओळखेन." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादाकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक. पेले भरतानाच वासावरून त्याने दोन आणि सहा ओळखली होती. खोकल्याचं औषध कुठलं, हे त्या खोलीत त्या वेळी फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

क्रम जाहीर झाला. सहा पहिली, पाच दुसरी, दोन शेवटची. चिटणीस वकील होते. त्यांनी माझं पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. "एक..." म्हणून कुणाचं तरी नाव. "दोन, डॉक्टरसाहेबांची." ते थबकले, चष्मा सारखा करून पुढे वाचत गेले. "पाच, दुकानातली साधी. सहा... डॉक्टरसाहेबांची."

कवळीची मान आधी लाल झाली, मग कान. तो दादाकडे वळला. "हे काय आहे?"

फास होता, नियमातला होता, एवढं म्हणायचं होतं. सुरया समोर होत्या, दोन आणि सहा शेजारी ठेवून पुन्हा चाखता आल्या असत्या. दादाने तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता सांगेल.

"साहेब, घोळ झालेला दिसतोय," तो म्हणाला. "एकच वाइन दोन सुरयांत होती हे खरं. पण नंबर माझ्या बहिणीने लावले. दोन आणि पाचची अदलाबदल झाली असणार. तिला यातलं काही कळत नाही हो."

मग सगळं कसं छान जुळलं. अदलाबदल धरली तर पाच आणि सहा एकच, म्हणजे कवळीने स्वतःची वाइन पहिली आणि दुसरी लावली, आणि दुकानातली शेवटची. नाक कापलं जायच्या ऐवजी माणूस देव ठरत होता. अकराही जणांची तोंडं माझ्याकडे वळली.

"काय बाई, असं झालं का?" वकिलांनी विचारलं.

माझ्या जिभेवर 'नाही' होतं. एकतीस वर्षांचं 'नाही' होतं ते. मी दादाकडे पाहिलं. त्याने निदान माझ्याकडे बघायला हवं होतं, डोळ्यांनी एकदा विनवायला हवं होतं. तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. तसाच, गुडघे वाकवून, बोलावण्याची वाट बघत.

"झालं असेल," मी म्हणाले.

टाळ्या पडल्या. कवळी मोठ्या मनाने हसला, "चालायचंच, बायकांना सवय नसते." दादाला खुर्ची मिळाली. सहा नंबरचा भरलेला पेला त्याच्यापुढे आला. आयुष्यातला पहिला, स्वच्छ, पेल्यातला घोट त्याने घेतला, गालांत खुळखुळवला, ओठांचा चंबू केला आणि बादलीत थुंकला. अगदी त्यांच्यासारखा. बादल्या उचलायला आता कुणी नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उचलली आणि जिना उतरून घरी गेले.

महिनाभर मी त्याचा फोन घेतला नाही. तो माफी मागायला येईल, रडेल, मी चार शब्द सुनावेन आणि चहा ठेवेन, असं मी मनाशी ठरवलं होतं. शेवटी एका संध्याकाळी तो आला. इकडचं तिकडचं बोलला, वहिनीच्या पाठदुखीचं सांगितलं, मग चुळबुळत म्हणाला, "पुढच्या वेळी नंबर लावायला वकिलांची सून येणार आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मी कशाला मनाला लावून घेऊ?"

"नाही, मंडळाचं म्हणणं पडलं की पुन्हा घोळ नको." तो खुर्ची पुढे ओढून बसला, आवाज खाली आणला. "पण मला खरं सांग, त्या दिवशी तुझं लक्ष कुठे होतं गं? डोळे तपासून घे एकदा. वय झालं की होतं असं. डॉक्टरसाहेबांच्या ओळखीचे एक चांगले आहेत."

तो चेष्टा करतोय का म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा नव्हती. लाजही नव्हती. खरीखुरी काळजी होती, धाकट्या बहिणीची वाटते तशी. महिन्याभरात त्याने ते खोटं इतक्यांदा सांगितलं होतं की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता.

"ऊठ," मी म्हणाले. "ऊठ आणि जा."

"हे बघ, चिडचिडसुद्धा वाढलीये तुझी," असं म्हणत तो चपला घालून गेला.

मी दार लावून टेबलाशी बसले. आणि त्या सातही सुरया मनात एकेक करून पुढ्यात घेतल्या, नाव वाचलं, लिहिलं, नंबर लावला, दोरा कापला. दोन नंबरला थांबले, खरंच चुकले तर नसेन? पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं तीनदा केलं. त्या थुंकणाऱ्यांची आली नव्हती, दादाचीही आली नव्हती, एवढी किळस मला तेव्हा स्वतःची आली.