खालच्या अंगाची अट

ऑफिसात कुणी नवीन आलं की आठवड्याभरात मला विचारतंच, वेबसाठी कुठलं फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, चांगलं. पूर्वी या प्रश्नावर मी तासभर बोलायचो. समोरच्याचा चहा गार व्हायचा, तरी थांबायचो नाही. कोड नीट थरांत विभागलेला हवा, एक गोष्ट एकाच जागी हवी, आणि कुणा एकट्यासाठी मध्येच घुसडलेली अट म्हणजे निव्वळ कचरा, ही माझी ठाम मतं. नाशिकच्या आमच्या छोट्याशा कंपनीत या मतांमुळे मला मान होता आणि तो मला आवडायचा, हे कशाला लपवू.

माझी थोरली बहीण दिंडोरी तालुक्यात दिलेली. ट्रॅक्टर दाजी चालवतात, पण द्राक्षबाग चालते ताईच्या डोक्याने. द्राक्षवाले तारखेत बोलत नाहीत. ऑक्टोबरात छाटणी झाली की तिथून दिवस मोजायचे. आज बाग बाराव्या दिवसाची, आज विसाव्या, आणि कुठली फवारणी कधी ते त्या आकड्यावर. मी नोकरीला लागलो त्या वर्षी ताईसाठी एक साधं पान बनवलं होतं. छाटणीची तारीख टाकली की मोबाईलवर आजचा दिवस आणि आजचं काम दिसायचं. त्यात ना फ्रेमवर्क, ना पॅटर्न, सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलेलं. ताई ते रोज सकाळी उघडायची.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बागायतदारांनीही ते मागितलं, तेव्हा मी जुनी फाइल उघडली आणि मला अक्षरशः लाज वाटली. सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये पहिल्यापासून लिहायला घेतलं. एक प्लॉट, एक छाटणीची तारीख, त्यावरून सगळे दिवस, अशी सुरेख रचना. जुन्या फाइलमध्ये चार ओळींची एक अट होती: प्लॉट ताईचा असेल आणि भाग खालचा असेल, तर चार दिवस वजा कर. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिणारा मीच आणि मलाच आठवेना. ताईला एक फोन केला असता तर कळलं असतं. मी ती अट काढून टाकली आणि ऑफिसात चारचौघांत सांगितलंही, की जुन्या कोडमधली घाण अशी साफ करायची असते.

छाटणीनंतर अठराव्या दिवशी ताईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. घड लांब व्हावेत म्हणून जे संजीवक फवारतात, ते वरच्या आणि खालच्या अंगाला एकाच दिवशी दाखवतंय, असं ती सांगत होती. मला थोडं लागलंच. एवढं चांगलं बनवून दिलं आणि ही शंका काढते.

"नवीन आहे ना ताई, ते बरोबरच दाखवतं," मी म्हणालो. "दाखवतंय तसं कर."

दहा-बारा दिवसांनी गेलो तर तिने चहाही न विचारता मला बागेच्या खालच्या अंगाला नेलं. तिथले कितीतरी घड जिरले होते. मण्यांच्या जागी नुसते वळलेले तंतू. मग तिने सांगितलं. खालची जमीन भारी, काळी, पावसानंतर लवकर वाफशावर येत नाही, चिखलच राहतो. म्हणून सुरगाण्याहून येणारी मजुरांची टोळी वरचा भाग छाटून दुसऱ्याच्या बागेत जाते आणि चार दिवसांनी परत येऊन खालचा छाटते. दरवर्षी. हे तिने मला बांधावर बसून सांगितलं होतं आणि तिथेच बसून मी त्या चार ओळी लिहिल्या होत्या. चार दिवसांनी लहान असलेल्या कोवळ्या घडांवर संजीवक माझ्या शब्दाखातर पडलं होतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एका वेलीचा तंतू बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"रोज घड बघूनच फवारते मी," ती म्हणाली. "त्या दिवशी तू म्हणला म्हणून बघितला नाय."

त्या हंगामात खालच्या अंगाला निम्मासुद्धा माल आला नाही. मला दाजींकडे बघवत नव्हतं.

फ्रेमवर्कवर माझा राग नाही. मी आजही तेच वापरतो. मांडव तयार मिळतो, ते चांगलंच आहे. वेल आपल्यालाच बघावी लागते. फक्त आता कुणाच्या कोडमध्ये विचित्र ओळ दिसली की ती लिहिणाऱ्याला आधी शोधतो. नवीन आलेल्यांनाही तेवढंच सांगतो, त्यामुळे ते जरा निराश होतात. ताईची अट मी परत टाकली. त्यासाठी सुरेख रचना दोन ठिकाणी मोडावी लागली. अटीच्या वर लिहून ठेवलंय: खालची जमीन भारी आहे, काढण्याआधी ताईला फोन कर.

यंदाच्या छाटणीनंतर पुन्हा तिचा फोन आला. आज खालच्या अंगाला फवारणी दाखवतंय, म्हणाली. मी उठून मीटिंगच्या बाहेर आलो आणि विचारलं, घड बघितलेस का.

"बघितले," ती म्हणाली. "आता तू सांगितलं तरी बघते."