ओव्हनमधलं फडकं

बाबांचं बिनबाह्यांचं जॅकेट आमच्या अमेरिकेतल्या, वेस्ट विंडसरच्या घरी राहून गेलं होतं. ते वारल्यावर कितीतरी महिने मी ते हुकवरून काढलंच नाही. शेवटी धुवायचं म्हणून खिसे उलटे केले, तर मूठभर बिया निघाल्या. चपट्या, तपकिरी, मधोमध घोड्याच्या नालासारखी पुसट रेघ. अमेरिकेत बिया आणायच्या नसतात हे मी त्यांना निघताना फोनवर बजावलं होतं. पण आपल्या खिशात काय आहे हे बाबांना कधी ठाऊक असायचं!

हे झाड कुठलं, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. बाबा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत आणि मी नागपूरला पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यांच्या हातचं, अजून जिवंत असं माझ्याकडे एवढंच होतं. बियांचा फोटो इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ‘माहीत नाही’ म्हणणं आमच्या मंडळींना जमत नाही. एक काका म्हणाले शिरीष, दुसरे म्हणाले रेन ट्री, एक मावशी सुबाभळीवर अडून बसल्या. मी लॅबमध्ये काम करते, पण औषधांच्या; झाडांतलं मला ओ की ठो कळत नाही. बी रुजवायचं आणि पानं बघायची, एवढाच उपाय उरला.

टणक बी कानशीवर जरासं घासायचं आणि कोमट पाण्यात भिजवायचं, हे इंटरनेटवर वाचलं. पुढचं वाचायची गरज नव्हती. ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे. आता इथल्या मार्चमध्ये ऊब कुठून आणणार? इडलीचं पीठ, दही, मटकी, सगळं आम्ही ओव्हनमध्ये ठेवतो, नुसता आतला दिवा लावून. बाहेर बटणावर चिठ्ठी चिकटवायची, ‘आत पीठ आहे’. ती पडल्यामुळे इथे किती घरांत दही भाजून निघालं असेल, देव जाणे. बियांचं फडकंही मी तसंच आत ठेवलं आणि बाहेर चिठ्ठी लावली.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती, पहिल्यांदाच एकटी. बियांचं तिला सांगितलं नाही. नुकती कुठे हसायला लागली होती, उगाच खपली कशाला काढा.

शनिवारी दुकानातून परतले तर घरभर करपट वास. आईने ओव्हन पुसताना चिठ्ठी काढून ठेवली होती आणि नातीच्या पिझ्झासाठी तो तापवला होता. ओव्हन लावायला ती नव्यानेच शिकली होती आणि त्याचं तिला कोण कौतुक! फडकं तिनेच चिमट्याने बाहेर काढलं होतं.

“मटकी होती का गं?” तिने विचारलं. “दुसरी भिजवते.”

“मटकी नव्हती! बाबांच्या जॅकेटातल्या बिया होत्या,” मी ओरडलेच.

“मॉम, डोन्ट येल ॲट आजी,” मुलगी म्हणाली. “पिझ्झा माझा होता.”

आईने फडक्याची गाठ सोडली. बिया काळ्या पडल्या होत्या. त्यातली एक उचलून तिने चष्म्याजवळ नेली.

“शिरीषाच्या आहेत,” ती म्हणाली. “मागच्या खेपेला आम्ही दोघं इकडे यायच्या आधी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, त्या हॉस्पिटलच्या आवारातल्या. मी आत, हे बाहेर झाडाखाली. घाबरले की ह्यांचे हात स्वस्थ बसायचे नाहीत. शेंगा सोलत बसले होते. मला दाखवून म्हणाले, ‘तू बाहेर येईपर्यंत एवढ्या झाल्या.’” मग बी परत फडक्यावर ठेवत म्हणाली, “मला विचारायचंस की. काखेत कळसा नि गावाला वळसा.”

मला रडूच आलं. सगळ्या जगाला विचारलं होतं, आणि ज्या बाईच्या काळजीने त्या सोलल्या गेल्या, तिला नाही.

आईने कुंडी मागितली. भाजलेलं बी उगवत नाही हे तिला कळत नव्हतं थोडंच? जन्मभर तिने दाणे भाजले आहेत. तरी मातीत बोटाने खड्डे केले, एकेक बी ठेवलं आणि परत जाईपर्यंत रोज चहाच्या आधी पाणी घातलं.

आता ती नागपूरला आहे. कुंडी आमच्या खिडकीत आहे आणि पाणी मी घालते. रविवारी फोनवर जेवण, थंडी, नातीची शाळा, सगळं विचारून झालं की ती हळूच म्हणते, “कोंब आला का गं?”

“अजून नाही,” मी सांगते.