काकूंनी परत पाठवलेली खेळणी

नवं खेळणं हातात आलं की काकू ते आधी स्वतःच्या तोंडात घालायच्या. साठी ओलांडलेली, चष्मा लावलेली, चारचौघींत वजन असलेली बाई प्लास्टिकचा हत्ती दाढेखाली धरून दाबते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू लपवायला पर्समध्ये रुमाल शोधला होता. चावून झालं की जिभेनं रंग सुटतो का ते पाहायचं, पदराला पुसायचं आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडून द्यायचं. "मी आधी पोरगं होऊन पाहतो," असं त्या म्हणत. आमच्या वऱ्हाडात बायाही येतो, जातो, पाहतो असंच म्हणतात, तेव्हा त्यात काही वावगं समजू नका.

मी नेलेल्या त्या हत्तीचा कान तुटला. काकूंनी हत्ती आणि कान दोन्ही पिशवीत घातले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "राहू द्या."

अमरावतीत आमच्या गल्लीच्या टोकाला काकूंचं पाळणाघर होतं. मी बँकेत, नवरा आठवडाभर नागपूरला, सासूबाई गावी; म्हणजे आर्वीला सकाळी तिथं सोडण्यावाचून इलाज नव्हता. आर्वी माझी मुलगी. हे नाव मी पुष्कळ शोधून ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. काकूंनी ते ऐकून विचारलं, "आर्वी? ते कौंडण्यपूरच्या पल्याडची? तिथं माही मावशी राहे." त्यानंतर कितीतरी दिवस मुलीला हाक मारताना मला आर्वी गावाच्या एसटीचा बोर्ड दिसायचा.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. तिच्याशी भांडता येत नाही, कारण ती चुकीचं काही करत नाही. आणि तिच्यावर माया करवत नाही, कारण ती आपली जागा घेऊन बसलेली असते. मी स्पष्टच सांगते, मी काकूंवर जळायचे. माझी मुलगी दिवसाचा सगळा उजेड त्यांच्याकडे घालवायची आणि मला मिळायची ती जांभया देणारी, किरकिरणारी, उरलेली. तिनं आज काय नवं केलं हे मला नेहमी त्यांच्या तोंडून कळायचं. त्या घरात माझं म्हणून काही असावं, मी निवडलेलं एक तरी खेळणं तिथं राहावं आणि दिवसभर तिच्या हातात असावं, एवढाच माझा हट्ट होता. आणि नेमकं तेच काकू होऊ देत नव्हत्या.

गोल, गाणी म्हणणारा वॉकर मी मोठ्या हौसेनं नेला. तो तोंडात मावत नव्हता म्हणून काकूंनी नुसता हलवून पाहिला. "यात पोरगी लटकून राहते. पाय टेकले काय अन् न टेकले काय, गाडी चालतेच," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून लाकडी पांगुळगाडा उतरवला. तो त्यांच्या मुलीचा आणि त्याच्याही आधी त्यांच्या धाकट्या भावाचा. त्याच्या दांड्याला धरून आर्वी उभी राहिली, पडली, परत उभी राहिली आणि चालायला लागली. माझा वॉकर आमच्या बाल्कनीत कपड्यांचे चिमटे ठेवायच्या कामी आला.

मग मी इंग्रजी अक्षरं बोलणारी पाटी आणली. बटण दाबलं की अक्षर म्हणायची, बरोबर दाबलं की टाळ्या. पोरं यावर आपोआप शिकतात, असं दुकानदारानं सांगितलं होतं. काकूंनी ती आर्वीपुढं ठेवली आणि हात मागं बांधून पाहत बसल्या. चावून आणि पाडून खेळणं पास झालं तरी ही तिसरी परीक्षा असायची. थोड्या वेळानं माझ्याकडे वळल्या.

"आर्वीच्या आई, हे तं सोताच बोलते, सोताच टाळ्या वाजवते. मंग पोरीनं काय कराचं? नुसतं त्याचं कौतुक?"

"त्यानं अक्षरं कळतात, काकू."

"पाहा न तुमी. पोरगी खेळून राहिली का खेळणं खेळून राहिलं? राहू द्या." पाटी पिशवीत गेली.

दुसऱ्या आईबापांचीही गत वेगळी नव्हती. एका डॉक्टरांनी मुलासाठी रिमोटची मोठी गाडी आणली, तर काकू त्यांना म्हणाल्या, "हे तुमीच खेळा, साहेब. तुमाले आवडते, मले दिसून राहिलं." डॉक्टर लाल झाले. दुसऱ्याची पिशवी परत जाताना पाहून मला जे गार वाटायचं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बरं, काकूंचं सगळं बरोबरच असायचं असंही समजू नका. एकदा त्यांनी बाजारातून लाकडी चौकटीची खरी दगडी पाटी आणली आणि "आता हे पाहा टिकाऊ" म्हणून माझ्यापुढं नाचवली. त्याच दिवशी ती आर्वीच्या हातून पडली. संध्याकाळी मी आत शिरले तेव्हा काकू तुकडे वेचत होत्या, आणि माझा चेहरा नक्कीच उजळला असणार. "फुटली का, काकू?" मी जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं. वर न पाहता त्या म्हणाल्या, "फुटू द्या. फुटली म्हणून तं जपाले शिकन." बघा म्हणजे. माझं तुटलं की तो कचरा आणि त्यांचं फुटलं की ते शिक्षण. घरी येऊन मी हे नवऱ्याला फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं, तर तो म्हणाला, त्यांचं बरोबर आहे. मी फोन ठेवून दिला.

सगळ्यात मोठा अपमान डब्याचा. एका सकाळी घाईत माझा जेवणाचा स्टीलचा डबा काकूंच्या ओट्यावर राहिला आणि मी दुपार समोशावर काढली. संध्याकाळी जाऊन पाहते तर आर्वी मांडी ठोकून डब्याचे खण एकावर एक रचते आहे, झाकणं फिरवून फिरवून लावते आहे, चुकलं की स्वतःशीच "नाही" म्हणते आहे. माझी चाहूल लागूनही तिनं वर पाहिलं नाही. "आज आणलं तुमी खरं कामाचं खेळणं," काकू म्हणाल्या. भाजीपोळी त्यांनी मुलांना वाटून डबा घासून ठेवला होता. मी अमरावतीतली इतकी दुकानं पालथी घातली आणि त्या घरात टिकलं काय, तर मी विसरून आलेलं भांडं.

मग मात्र मी इरेला पेटले. बँकेच्या ट्रेनिंगला अकोल्याला गेले होते, तिथं बाजारात एका दुकानात लाकडी मणी दिसले. लिंबाएवढे मोठे, सोबत ओवायला जाड नाडी. मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक मणी तोंडात घातला. रंग सुटला नाही. मग तो खाली टाकून पाहिला. तो घरंगळत काउंटरखाली गेला आणि दुकानदाराला वाकून काढावा लागला. "मॅडम, घ्याचं आहे का नुसतं चाखाचं आहे?" त्यानं विचारलं. मी मुकाट्यानं घेतले.

काकूंनी मणी चावले, पाडले आणि आर्वीपुढं ठेवून हात मागं बांधले. आर्वीनं नाडी मण्यात घालून पाहिली, जमेना. जिभेचं टोक बाहेर काढून पुन्हा पाहिली. मग काकू म्हणाल्या, "राहू द्या." माझा चेहरा पडला. मी निमूट खाली बसून मणी गोळा करायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"अवं, राहू द्या म्हणलं न. इथं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, असं विचारल्यावर सांगता मात्र येईना.

पण खेळणं टिकलं म्हणून पोरगी माझी झाली, असं थोडंच असतं. संध्याकाळी मी दारात उभी राहिले की आर्वी मणी छातीशी धरून रडायची. "मी नाही येत. तू जाय." बँकेत माझ्या शुद्ध बोलण्याचं लोक कौतुक करतात, आणि माझी मुलगी मला "तू जाय" म्हणते, तेही काकूंच्या हेलात. काकू तिला थोपटायच्या नाहीत की समजवायच्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. रडणारं मूल स्कूटीवर पुढं उभं करून मी घरी न्यायचे तेव्हा मला वाटायचं, आत उभ्या राहून ऐकत असतील आणि सुखावत असतील.

आर्वी शाळेत जायला लागली त्याच सुमारास काकूंच्या मुलीला अकोल्याला बाळ झालं. तिला नोकरीवर परत जायचं होतं, म्हणून काकूंनी पाळणाघर बंद केलं. जाताना खेळणी वाटली, पण सरसकट नाही. ज्याच्या वयाला जे, ते. पांगुळगाडा नातवासाठी अकोल्याला निघाला. मणी मागच्या गल्लीतल्या एका धाकट्या मुलीला मिळाले. "आर्वीचं मण्याचं वय गेलं," त्या म्हणाल्या. मी निवडलेले, मी तोंडात घालून पाहिलेले मणी माझ्यादेखत दुसऱ्या बाईच्या पोरीला. आर्वीच्या वाट्याला नुसता डोक्यावरून हात आला. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आर्वी संध्याकाळी घरीच असायची, दारात रडारड नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि थोडे दिवस वाटलंही.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही दोघी अकोल्याला गेलो, तेव्हा आर्वीनं हट्टच धरला म्हणून काकूंकडे गेलो. काकू अंगणाकडच्या दाराला टेकून बसल्या होत्या. आर्वी धावत सुटली आणि मध्येच थांबली. काकूंच्या मांडीवर नातू होता. त्यांनी मोकळ्या हातानं तिला जवळ ओढलं, पण ती अर्धीमुर्धीच टेकली आणि बाळाकडे पाहत राहिली. तो चेहरा मी लगेच ओळखला. तसाच मी स्वतः कितीतरी संध्याकाळी घेऊन फिरले होते.

थोड्या वेळानं ती उठून अंगणात गेली. मी स्वयंपाकघरात काकूंच्या मुलीला चहासाठी मदत करत होते, कप विसळत. बाहेरून हाक आली, "आई." काकू दारातच होत्या. पुन्हा हाक आली, "आई, ओ आई." काकूंनी मानसुद्धा वळवली नाही.

"काकू, ती बोलावतेय, बघता का जरा?" मी थोडं चिडूनच म्हणाले.

"तुमाले बोलावून राहिली. मले नाही."

मी ओ देत बाहेर गेले. सँडलचा पट्टा अडकला होता, एवढंच. परत आले तर काकूंची मुलगी हसत होती. "ताई, ते जुनी सवय आहे तिची," ती म्हणाली. "अमरावतीले सारे पोट्टे दिवसभर तिलेच आई-आई करत. हे ओच देत नसे. रडो, पाय आपटो. काकू म्हणेपर्यंत मुकीच."

"आर्वीपण?" मी विचारलं.

"आर्वी तं सगळ्यात जास्त."

काकू नातवाचं टोपडं सारखं करत होत्या. "लहान लेकराचं काय आहे," त्या म्हणाल्या, "समोर दिसन त्याले ते आई म्हणते. दिवसभर समोर मी दिसत होती. पण ओ कशी देऊ? एकदा ओ देली का हाक आपली होऊन जाते, आर्वीच्या आई. मंग संध्याकाळी तुमाले वापस कशी देली असती?"

मी चहा घेतला. माणसाला भरून यावं अशीच ती गोष्ट होती आणि मला भरून आलंही. पण खरं सांगते, त्याच्या खाली पुन्हा ते जुनं जळणं होतंच. माझ्या मुलीनं आई म्हणून मारलेल्या त्या सगळ्या हाका या बाईनं ऐकल्या होत्या. मी एकही ऐकली नव्हती. आणि वर तिनं त्या माझ्यासाठी सांभाळूनही ठेवल्या होत्या, म्हणजे रागवायलाही जागा नाही.

निघताना आर्वी रडेल म्हणून मी तयारीत होते. ती रडली नाही. स्वतःच सँडल घातल्या, "येतो, काकू" म्हणाली आणि येऊन माझं बोट धरलं. ही एक गोष्ट घडावी म्हणून मी किती संध्याकाळी त्या दारात ताटकळले होते. काकू नातवाला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आल्या, आर्वीकडे पाहत थोडा वेळ थांबल्या, मग गॅसवर दूध आहे म्हणून वळल्या. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

परतताना बडनेऱ्याच्या गाडीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. मूर्तिजापूर येईपर्यंत आर्वी बाहेर पाहत बसली होती. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, अंग सैल सोडून, सगळीच्या सगळी माझी. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते. कूस बदलता बदलता झोपेतच ती म्हणाली, "काकू." जरा थांबून पुन्हा, अगदी स्पष्ट, "काकू."

माझ्या तोंडाशी ओ आली होती. नुसतं हं म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं. मी ती दिली नाही. हाक माझी नव्हती.