काकांचं नाक

कप आधी गरम पाण्यानं विसळायचे. पानं चमच्यानं नाही, चिमटीनं घ्यायची. पाणी ओतल्यावर बोलायचं नाही. पहिल्या घोटाला डोळे मिटायचे. कोणी साखर मागितलीच, तर खिडकीबाहेर बघत बसायचं.

आमच्या गल्लीतले चष्मेवाले काका असा चहा प्यायचे. दिवसभर भिंगं घासायची, संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत चहा. मी तिथला नेहमीचा. साहित्याची पदवी घेतलेला, म्हणजे रिकामाच. फडताळात चहाचे डबे, एकावरही नाव नाही. "नाक आहे ना!" म्हणायचे. त्या नाकावर त्यांचा सगळा रुबाब.

गेल्या रविवारी अचानक म्हणाले, "चिठ्ठ्या लावून टाकू. तू लिही."

काकूंनी मला दारातच गाठलं. "अरे, तो हिरवा डबा," त्या कुजबुजल्या, "माझ्याकडून लोकरीच्या कपड्यांत राहिला. डांबरगोळ्यांत. झाकणही सैल. सगळ्यांत महागाचा तोच. आता घर डोक्यावर घेतील."

चहा शेजारचा कुठलाही वास ओढून घेतो. हे मला काकांनीच शिकवलेलं.

काका एकेक डबा उघडत होते. बघायचे, हुंगायचे, सांगायचे. मी लिहायचो. काकू दाराशी फडकं पिळत उभ्या.

हिरवा डबा उघडला. भपकारा माझ्यापर्यंत आला. काकांनी नाक डब्यात खुपसलं.

"वा! लिही. वसंतातली पहिली तोडणी. वास रानफुलांचा."

वाटलं, टोमणा आहे. पण ते खरंच खुशीत होते. माझं पेन थांबलं.

"काय रे पदवीधर? शुद्धलेखन अडलं?"

मी काकूंकडे पाहिलं. मग काकांनीही त्यांच्याकडे पाहिलं. डबा पुन्हा हुंगला. पुन्हा एकदा.

"कसला वास येतोय गं?"

"डांबरगोळ्यांचा. चूक माझीच." काकू दारातून पुढे आल्या. "अहो, कधीपासून?"

"हिवाळ्यातल्या त्या तापापासून. पानं डोळ्यांना ओळखू येतात. बाकीचं आठवून सांगतो. आठवतंय तोवर लिहून ठेवावं म्हटलं."

"आणि मी समजत होते, मलाच मेलीला चहातलं काही कळत नाही."

कोणी हसलं नाही.

काकांनी झाकण घट्ट दाबलं. "राहू दे आता," म्हणाले, आणि दुकानात जाऊन बसले.

उरलेले डबे तसेच आहेत. हिरव्या डब्याची चिठ्ठी माझ्या खिशात राहिली. तिच्यावर एवढंच आहे: वसंतातली पहिली तोडणी. वास