डिस्कची जुनी वायर

साजगावच्या एका कारखान्यात सदूने एकतीस वर्षं वायरमनचं काम केलं. तिथं त्याला सगळे सदू मीटर म्हणायचे. मीटर लावून बघितल्याशिवाय तो कशाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. येसाजी नावाच्या जोडीदाराने एकदा न तपासता मोटार जोडली. सदूने सगळ्या खात्यासमोर त्याला झाडलं. "प्लग बसला म्हंजे काम झालं काय रं? आंधळा पन बसवंल!" मोटारीला काही झालं नव्हतं. तरी पुढं कितीतरी दिवस लोक येसाजीला आंधळा म्हणत. सदूला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता तो निवृत्त आहे. सून हर्षला घरीच कॉम्प्युटरवर काम करते. कर्जतकडे मुंबईचे लोक बंगले बांधतात. बांधून झाल्यावर बंगला कसा दिसेल, त्याची चित्रं ती आधीच करून देते. मशीन जुनं, चित्रं जड. म्हणून तिने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला वीज जास्त लागते, जुना पॉवर सप्लाय पुरेना, म्हणून तोही मोठा आणला. खालापूरचा दुकानदार साईनाथ बसवून देतो म्हणाला. हर्षला म्हणाली, "कशाला? आमच्या घरातच वायरमन हाय."

दुपारी जेवण झाल्यावर सदूने मशीन खोललं. जुना सप्लाय काढून नवा बसवला. बोर्डाची वायर नवी लावली, कार्डाची नवी लावली. राहिली डिस्कची. तिची जुनी वायर मागच्या पत्र्याआडून नेलेली होती, त्यानेच दोन वर्षांपूर्वी पट्ट्या मारून. ती काढायची म्हणजे पट्ट्या कापा, दुसरा पत्रा खोला, नवी वायर ओवा. अर्ध्या तासाचं काम. त्याने जुन्या वायरीचं टोक नव्या सप्लायला लावून बघितलं. टक्कन बसलं.

मीटर काढला, तर त्याचा सेल संपलेला. सेल नाक्यावर मिळतो; जाऊन येऊन वीस मिनिटं. बाहेर ऊन होतं. त्याने मीटर परत पेटीत ठेवला.

"मामा, वायरी सगळ्या नव्या घातल्या ना?" हर्षलाने आतून विचारलं.

"झालं गं सगळं."

तिने येऊन बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले, पडदा उजळला आणि जळका वास आला. डिस्क काही दिसेना. वदप गावातल्या बंगल्याची दोन महिन्यांची चित्रं त्या डिस्कवर होती. शनिवारी ती मालकाला दाखवायची होती.

सदूला तिथंच कळलं. बाहेरून सारखे दिसणारे प्लग आतून वेगळे असतात, हे त्यानेच कारखान्यात नव्या माणसांना शिकवलं होतं. आता सांगतो, मग सांगतो म्हणता म्हणता डिस्क आणि सप्लायचं खोकं घेऊन दोघांची रिक्षा खालापूरला पोचली.

"दादा, तुमचा सप्लाय खराब निघाला," हर्षला दुकानात शिरताच म्हणाली. "माझी डिस्क जाळली त्यानं."

"ताई, जुनी वायर तर नाही ना लावली? दर कंपनीच्या तारांचा क्रम वेगळा असतो."

"माझ्या सासऱ्यांनी लावल्यात वायरी. एकतीस वर्षं कारखान्यात काढलीत त्यांनी. तपासल्याशिवाय ते घरातला बल्ब लावत नाहीत. त्यांना नका शिकवू!"

सदू दुकानाच्या फरशीकडे बघत राहिला.

 साईनाथने सप्लायच्या खोक्यात हात घातला आणि एक वायर काढून काउंटरवर ठेवली. कंपनीतून आलेलं वेटोळं, बांधलेलं तसंच. डिस्कची नवी वायर.

हर्षलाने वायरीकडे बघितलं, मग सासऱ्याकडे. तिचा आवाज एकदम खाली आला. "सॉरी दादा. आमच्याकडून चुकून जुनी लागली."

एकतीस वर्षांत सदूची चूक कुणी अंगावर घेतली नव्हती.

"आमच्याकडून नाय," तो म्हणाला. "माझ्याकडून. तिनं इचारलं व्हतं, मी झालं म्हनलो. झालं नव्हतं. प्लग बसला, म्हनून बसवला."

"असूंद्या काका, लय जणांचं होतं असं."

"माझं व्हायला नको व्हतं."

साईनाथने डिस्क ठेवून घेतली. चित्रं निघाली तर निघतील, म्हणाला, सांगता येत नाही.

परतताना रिक्षात हर्षलाने विचारलं,

"मीटर का नाय लावला, मामा?"

"सेल संपला व्हता."

"नाक्यावर मिळतो की."

"व्हय."

नाक्यावर तो उतरला. "तू हो म्होरं." सेल घेतला आणि उन्हातून चालत घरी आला. हर्षला जुन्या लॅपटॉपवर पहिल्या भिंतीपासून बंगला काढायला बसली होती. तो जमिनीवर बसला. मागचा पत्रा खोलला आणि आपणच मारलेल्या पट्ट्या एकेक करून कापल्या. नवी वायर ओवली. मग मीटरची टोकं हातात घेतली.

"झालं का मामा?" तिने सवयीने विचारलं.

"नाय अजून," सदू म्हणाला.