शेगडी बाहेर काढली त्या दिवशी

१९७४ च्या जानेवारीत, पहिल्या बाळंतपणानंतर आठवडा होण्याआधीच, मला ताप चढला आणि तो घरात कोणाच्याही लक्षात आला नाही. मी माहेरी होते, तासगावजवळच्या खेड्यात. नवरा सैन्यात, झाशीला होता. मुलगी घरीच, सुईणीच्या हातून झाली होती.

आमच्याकडे बाळंतिणीला बाजेवर निजवत आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत. त्यावर ओवा-शेपा टाकत. खोलीला खिडकी नव्हती. अंग सदा तापलेलेच असे, त्यामुळे ते तापाने तापले की शेकाने, हे कळायला मार्ग नव्हता. अंगावरून जाणाऱ्या रक्ताला वाईट वास येऊ लागला होता, पण ओव्याच्या धुरात तोही दबून गेला. मला हुडहुडी भरली की थोरली आत्या म्हणे, "आगं, बाळंतिणीचं अंग पोकळ असतंय. थंडी वाजायचीच. निखारं वाढवा." मी जितकी कुडकुडले, तितके निखारे वाढले. पाणी मागितले तर घोटभर मिळे. जास्त प्यायले तर अंगात पाणी शिरते, असे सगळ्या सांगत.

मला भीती होती, ती एकाच गोष्टीची. वडिलांची धाकटी बहीण ह्याच खोलीत बाळंतरोगाने गेली होती. तिचे नाव घरात कोणी काढत नसे. पाचवीला सटवाईची पूजा झाली तेव्हा मी हात जोडले, पण मनात आले, तिनेही असेच जोडले असतील. त्यानंतर मी देवीला दिवसभर विनवू लागले. मला ने, पण मुलीला पोरकी करू नकोस, असे म्हणत असे आणि ह्या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत हे कळून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत असे. कोणी ऐकत आहे असे वाटत नव्हते. ओटीपोटात दुखत होते. ते मी कोणाला सांगितले नाही. सांगितले तर धाकट्या आत्याचे नाव निघेल, असे वाटे.

मंगळवारी सकाळी दारात एक जोगतीण आली. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवटा बसवलेली टोपली, आणि कपाळभर भंडारा. आमच्या गावात तिला कोणी ओळखत नव्हते. तिला जोगवा नको होता, देवीपुढे ऊद घालायला विस्तव हवा होता.

"चूल इझलीया," आत्या म्हणाली. "फुडच्या घरी बघ."

"आन् आतनं धूर निघतूय त्यो कशाचा वं? देवीला न्हाई म्हनायचं आन् धूर कोंडून ठिवायचा व्हय?"

"बाळंतिणीच्या खोलीतला इस्तू भायेर देत न्हाईत, बाई."

"द्या की वं. माझ्या ह्या देवीआईला काय बाळंतपन ठावं न्हाई व्हय?"

आत्या तरीही हलली नाही. पण मंगळवारी देवीला दारातून परत पाठवायचे धाडस आईला झाले नाही. तिने माझ्या बाजेखालची शेगडी ओढून अंगणात नेली. जोगतिणीने ऊद घातला, बसून दोन गाणी म्हटली, मुलीसाठी भंडारा दिला आणि ती गेली. ती निघेपर्यंत निखाऱ्यांची राख झाली होती.

आई पेज घेऊन आत आली. तिने गोधडी नीट करताना माझ्या पायाला हात लावला, मग बाजेच्या सुंभाला लावला, मग पुन्हा पायाला.

"वन्सं," तिने हाक मारली, "बाज गार पडलीया. मग ही कशानं तापलीया?"

आत्या आली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटायच्या आत उंबरा कसा ओलांडायचा, असे आई पुटपुटली तेव्हा आत्या म्हणाली, "जिती ऱ्हायली तर फिटंल." डोक्यावरचा पदर घसरलेला असताना ती रस्त्यावर धावली आणि कारखान्याला ऊस टाकून परतणारा एक ट्रॅक्टर तिने आडवी उभी राहून थांबवला. ट्रॉलीत पाचट आणि त्यावर गोधड्या अंथरून मला सांगलीला नेले. वाटभर आत्याने माझा हात सोडला नाही. मुलगी आईच्या मांडीवर होती. ती रडत नव्हती, ह्याचीच मला भीती वाटत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, ताप केव्हापासून आहे? आई म्हणाली, शेगडी काढली तेव्हा कळला. वारेचा तुकडा आत राहिला होता. तो काढला, इंजेक्शने सुरू झाली, तांब्याभर पाणी उशाशी ठेवले. बाई म्हणाल्या, थंडी, ताप, वास, दुखणे, काहीही असो, त्याच दिवशी बोलायचे.

पुढे आई खण-नारळ घेऊन जोगतिणीला शोधत फिरली. जतकडच्या एका गावी ती भेटली. तिला आमचे घर आठवत नव्हते. "रोज धा दारात इस्तू मागती, बाई," ती म्हणाली. तिने ओटी देवीपुढे ठेवून घेतली. हे सारे कसे जुळले, ते मला सांगता येत नाही. मी देवीकडे मागत होते, आणि तिच्याकडून आले ते मागणेच होते. आईने तेवढा विस्तव देऊन टाकला. तेव्हापासून माझी प्रार्थना पुष्कळ कमी शब्दांची झाली आहे.

ताप उतरला. आटलेले दूध पुन्हा आले. मुलीचे बारसे उशिरा, माघात झाले. तिला पाळण्यात मी घातले.